हतनूरच्या पाखरांसाठी ट्रायपॉड: पैसे आधी पायांत घाला, मग हेडमध्ये

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही धागा लागेल. तुम्ही सावद्याला राहता आणि हिवाळ्यात हतनूरच्या जलाशयावर पक्ष्यांचे फोटो काढता. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, क्रॉप (म्हणजे फुल-फ्रेमहून लहान) सेन्सरचा डीएसएलआर आहे, लेन्स १५०-६०० मिमीची. ट्रायपॉडच्या खोक्यावर '१२ किलो वजन पेलतो' असं छापलंय, पण त्यावरून ६०० ला काढलेले फोटो हातात धरून काढलेल्या फोटोंपेक्षाही सॉफ्ट, म्हणजे धूसर, येतात. आता पंचवीस हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे. तोच ट्रायपॉड तोरणमाळच्या रात्रीच्या आकाशाला आणि पाटणादेवीसारख्या मंदिरांनाही चालावा, असं तुम्हाला वाटतं. पाय कार्बनचे घ्यावेत की ॲल्युमिनियमचे, आणि पायांवर बसून कॅमेरा धरणारं हेड घ्यायचं ते एका गोळ्यावर फिरणारं बॉल हेड की झुलत्या पाळण्याचं गिंबल, हा तुमचा प्रश्न.

उत्तर असं: तीन भागांचे ॲल्युमिनियमचे पाय घ्या, वरची नळी २८ ते ३२ मिमी जाडीची, आणि मधली दांडी न उचलता पुरेशी उंची देणारे. त्यावर गिंबल हेड. रात्रीच्या कामासाठी एक साधं बॉल हेड पुढे सवडीने घेता येईल. आणि पैसे एकाच ठिकाणी नीट पुरणार असतील तर ते पायांत घाला. हेड उद्या बदलता येतं. कच्च्या पायांवर कितीही चांगलं हेड लावलं तरी फोटो सुधारत नाही.

खरेदीला निघण्याआधी मात्र एक सकाळ तपासणीला द्या. वर्तमानपत्राचं पान भिंतीवर सपाट चिकटवा आणि वीस-पंचवीस मीटरवर ट्रायपॉड लावा. सूर्य नुकताच वर आलेला असावा, हवा थंड असावी. लेन्स ६०० ला न्या, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर, अक्षरं दहापट मोठी करून हाताने फोकस करा, दोन सेकंदांचा टायमर लावा. मग आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) बदलत त्याच उजेडात १/२०००, १/२५० आणि १/६० सेकंद अशा शटरच्या तीन वेगांनी फोटो घ्या. १/२००० चा फोटो दाणेदार येईल, तिकडे लक्ष देऊ नका. फक्त अक्षरांच्या कडा बघा. १/२००० ला कडा स्वच्छ आणि १/६० ला अक्षरं एका दिशेने ओढल्यासारखी किंवा दुहेरी दिसली तर दोष थरथरीचा, म्हणजे ट्रायपॉडचा. तिन्ही फोटो सारखेच सॉफ्ट असतील तर लेन्सकडे किंवा फोकसकडे बघा. लाइव्ह व्ह्यूतला फोटो उत्तम, पण व्ह्यूफाइंडरमधून ऑटोफोकस करून घेतलेला १/२००० लाही सॉफ्ट, असं झालं तर कॅमेऱ्याचं फोकस आणि लेन्स एकमेकांशी जुळलेली नाहीत. ते मेनूतून किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये जुळवून घ्यावं लागतं. नवा ट्रायपॉड तिथे काही करू शकत नाही.

आणखी एक शक्यता आपल्या खानदेशात फार मोठी आहे आणि तिच्याकडे हमखास दुर्लक्ष होतं: उन्हाने थरथरणारी हवा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो हे सगळ्यांना माहीत आहे, पण भर हिवाळ्यातसुद्धा सकाळी दहानंतर काळ्या मातीच्या शेतावरून किंवा जलाशयाच्या काठच्या तापलेल्या दगडांवरून ६०० मिमीने दीडशे मीटरवरचं बदक टिपायला गेलात, तर मधली हवा चित्र मोडून टाकते. ओळखायचं कसं? थरथरीचा दोष असेल तर चित्रातली प्रत्येक कड एकाच दिशेला ओढली जाते. हवेचा दोष असेल तर पाठोपाठच्या फोटोंत दोष वेगवेगळा दिसतो: एका फोटोत डोळा बरा आणि चोच वितळलेली, पुढच्या फोटोत उलट. अशा वेळी पक्षी जवळ येईपर्यंत थांबायचं किंवा घरी जायचं. हतनूरला पहाट ते साडेआठ हा काळ सोन्याचा, त्यातच जमेल ते काम उरकावं.

तपासणीत दोष ट्रायपॉडचा निघाला असं धरून पुढे जाऊ. तुमच्या वर्णनावरून तसंच दिसतंय.

त्या १२ किलोंबद्दल. वजन पेलण्याचा आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ठरवते, सगळ्यांना बांधील असं एक मोजमाप नाही. आणि तो आकडा खरा असला तरी तो सांगतो इतकंच, की एवढं वजन ठेवलं तर पाय घसरणार नाहीत, लॉक सुटणार नाही. आपला त्रास वेगळा आहे. ट्रायपॉड कोसळत नाही, तो थरथरतो. थरथर किती कमी असायला हवी, याचा हिशेब एकदा करून बघा. कॅमेरा-लेन्स ज्या पट्टीवर बसते ती १०० मिमी लांब धरा. तिचं एक टोक दुसऱ्यापेक्षा फक्त ०.०१ मिमी उचललं गेलं, तर ६०० मिमीच्या लेन्समागे सेन्सरवर चित्र ०.०६ मिमी सरकतं. तुमच्या सेन्सरवरचा एक पिक्सेल सुमारे ०.००३९ मिमीचा, म्हणजे चित्र पंधरा पिक्सेल हललं. तेवढ्यात पक्ष्याच्या डोळ्यातली चमक पुसली जाते, पिसांचे तंतू एकमेकांत मिसळतात. तीच हालचाल ५० मिमीच्या लेन्सला झाली तर चित्र एक-सव्वा पिक्सेलच सरकतं, कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून ट्रायपॉड आपल्या सर्वांत लांब लेन्सकडे बघून घ्यायचा असतो. ती लेन्स वर्षातून मोजक्या वेळा वापरत असलात तरीही.

हातात धरून काढलेले फोटो बरे का येतात, तेही यातूनच कळतं. हातात असताना तुम्ही १/१६०० वगैरे ठेवता, लेन्समधलं स्थिरीकरण चालू असतं, आणि शरीर हालचाल शोषून घेतं. ट्रायपॉडवर ठेवलं की माणूस निश्चिंत होतो, वेग १/१२५ वर आणतो, बटण बोटानेच दाबतो. तेवढ्यात आतला आरसा आपटतो आणि बारीक पाय एकदा थरथरायला लागले की थांबता थांबत नाहीत. साधारण १/६० ते एक सेकंद या टप्प्यात आरशाचा धक्का सर्वांत जास्त जाणवतो. शिवाय बऱ्याच जुन्या लेन्समधलं स्थिरीकरण ट्रायपॉडवर बंद करावं लागतं. चालू राहिलं तर ते नसलेली हालचाल दुरुस्त करायला जातं आणि स्वतःच चित्र हलवतं. पक्षी बसलेला असेल तेव्हा मिरर-अप (आरसा आधीच उचलून ठेवणं) किंवा लाइव्ह व्ह्यू, रिमोट किंवा टायमर, स्थिरीकरण बंद. ही शिस्त फुकट आहे आणि आजच्या ट्रायपॉडवरही फरक दाखवेल.

आता पाय. सगळ्यात आधी बघायची ती वरच्या नळीची जाडी. नळीच्या भिंतीची जाडी तेवढीच ठेवून व्यास वाढवला, तर वाकण्याला होणारा विरोध साधारण व्यासाच्या घनाच्या पटीत वाढतो. २५ मिमीऐवजी ३२ मिमीची नळी घेतली की तो दुपटीपेक्षा थोडा जास्त होतो. वजन वाढतं ते मात्र पाव-एक भाग. इतका स्वस्त सौदा ट्रायपॉडमध्ये दुसरा नाही. लांबीचं उलट आहे: पाय जितका लांब उघडाल तितका तो जास्त लवतो. दुसरी गोष्ट म्हणजे भाग किती. प्रत्येक भाग वरच्यात सरकायचा, त्यामुळे तो तीन-चार मिमीने बारीक असतो. वरची नळी २८ ची असेल तर तीन भागांच्या ट्रायपॉडमध्ये खालची २१-२२ ची राहते. पाच भागांच्या ट्रायपॉडमध्ये खाली जेमतेम १२ ते १६ मिमीची काडी उरते, आणि सगळा भार तीच जमिनीला देते. शिवाय जितके भाग तितके सांधे, आणि प्रत्येक सांध्यात थोडी ढिलाई. पाच भागांचे 'ट्रॅव्हल' ट्रायपॉड बॅगेत छान मावतात, पण १५०-६०० खाली ते घेऊ नका. घडी करून सत्तर सेंटीमीटर लांबीचा ट्रायपॉड मोटरसायकलवर आडवा बांधता येतो, तेवढी गैरसोय सोसा.

ओळखीसाठी दोन नावं सांगतो. मॅनफ्रोटोची ०५५ मालिका त्यांच्याच १९० मालिकेपेक्षा जाड नळ्यांची आहे, आणि ०५५ चे तीन भागांचे ॲल्युमिनियमचे पाय हेडशिवाय सुमारे अडीच किलो भरतात. गिट्झोकडे १ ते ५ अशा मालिका आहेत, आकडा वाढला की नळी जाड. तुमच्या लेन्सला ०५५ च्या तोडीचे किंवा गिट्झोच्या ३ क्रमांकाच्या जाडीचे पाय हवेत, हे डोक्यात ठेवून बेन्रो, सिरुई, व्हॅनगार्ड, लिओफोटो यांपैकी जे हाती लागेल आणि परवडेल ते तपासा. नाव महत्त्वाचं नाही. जाडी, भाग आणि सांधे बघा.

मधल्या दांडीबद्दल माझं मत ठाम आहे: ६०० मिमीला ती उचलायचीच नाही. तीन पायांवर उभा असलेला भार दांडी उचलली की एका काठीवर जातो, आणि त्या काठीला आधार फक्त एका कॉलरचा. म्हणून उंची मोजताना 'जास्तीत जास्त उंची' हा आकडा सोडा आणि दांडी खाली ठेवून किती उंची मिळते ते विचारा. हिशेब सोपा आहे. जमिनीपासून डोळ्यापर्यंतची उंची घ्या, त्यातून हेड आणि कॅमेऱ्याचे मिळून वीस-बावीस सेंटीमीटर वजा करा. डोळे १५५ सेंटीमीटरवर असतील तर पाय १३५ चे पुरतात. गिंबल बॉल हेडपेक्षा उंच असतं, त्यामुळे थोडं कमीही चालेल. धरणाच्या उतारावर एक पाय खाली जातो, तिथे दहा-पंधरा सेंटीमीटर शिल्लक असावी.

आणि खालचं टोकही बघा. काठावरच्या तुतवाराचा किंवा शेकाट्याचा फोटो उभ्याने काढला तर पाठीमागे नुसता चिखल येतो. कॅमेरा पाण्याच्या पातळीला आणला की पाठीमागचं पाणी दूर विरघळतं आणि पक्षी उठून दिसतो. त्यासाठी पाय जवळजवळ आडवे पसरता आले पाहिजेत आणि मधली दांडी काढून टाकता आली पाहिजे किंवा आखूड तरी करता आली पाहिजे. दांडीच नसलेले ट्रायपॉड मिळतात. मला विचाराल तर तुमच्यासाठी तेच उत्तम.

कार्बन की ॲल्युमिनियम यावर लोक तासन् तास वाद घालतात, पण तुमच्या बाबतीत निर्णय सोपा आहे. तेवढ्याच ताठपणाचे कार्बनचे पाय साधारण पाव ते तिसरा हिस्सा हलके असतात आणि बारीक थरथर थोडी लवकर जिरवतात. किंमत मात्र सहज दुप्पट. पंचवीस हजारांत हेडसकट कार्बन बसवायला गेलात तर बारीक नळीचा कार्बन मिळेल, आणि बारीक कार्बनपेक्षा जाड ॲल्युमिनियम कधीही चांगलं. तुम्ही गाडीने धरणाच्या भिंतीजवळ जाता, तिथून फार चालत नाही. सातपुड्यात पायवाटेने डोंगर चढून जाणाऱ्यांनी कार्बनसाठी पैसे साठवावेत, तिथे अर्ध्या-पाऊण किलोचा फरकही खांद्याला कळतो. ॲल्युमिनियमचा आपल्याकडचा खरा त्रास उन्हाचा. एप्रिल-मेमध्ये अर्धा तास उन्हात उभा राहिलेला ट्रायपॉड उघड्या हाताने उचलवत नाही. सायकलच्या हँडलला गुंडाळतात तो टेप वरच्या तिन्ही नळ्यांवर गुंडाळा, प्रश्न मिटला. कार्बनची नाजूक बाजू अशी की दगडावर टोकदार फटका बसला तर नळीला चीर जाते. ॲल्युमिनियमला खोक पडते, पण ते काम देत राहतं.

आपल्याकडच्या मातीसाठी लॉक निवडावे लागतात. तापीच्या काठचा गाळ बारीक पिठासारखा असतो, तो फिरवायच्या लॉकच्या आट्यांत शिरला की किरकिर सुरू होते. खटक्याचे लॉक उघडे असतात, पटकन पुसता येतात आणि लागले की नाही ते लांबूनही दिसतं. पण वर्षा-दोन वर्षांनी त्यांचा स्क्रू आवळावा लागतो. मी दोन्ही वापरतो. नवख्याला खटक्याचे सुचवतो. फिरवायचे घेतलेत तर ते पूर्ण उघडून धुता येतात याची खात्री करा. चिखलात उतरताना आधी सर्वांत खालची, बारीक नळी वीसेक सेंटीमीटर बाहेर काढा आणि उरलेली उंची वरच्या नळ्यांनी घ्या, म्हणजे लॉक चिखलाच्या वर राहतो. काम झाल्यावर ओला पाय तसाच आत ढकलू नका. आधी पुसा, घरी आल्यावर पूर्ण उघडून सुकवा. ही एक सवय ट्रायपॉडचं आयुष्य कितीतरी वाढवते.

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पाय गिळते. दोन्ही वेळी टोकदार खिळे कामाचे नाहीत. प्लायवूडचे तळहाताएवढे तीन तुकडे बॅगेत ठेवा, पायांखाली घाला. खिळे हवेत ते घट्ट गवताळ जमिनीला. धरणाच्या दगडी पिचिंगवर आणि पितळखोऱ्याच्या बेसॉल्टवर रबरी बूटच धरून राहतात. तीन पायांपैकी एक नेहमी लेन्सच्या खाली, विषयाच्या दिशेने ठेवा. पुढे झुकणारी लेन्स त्या पायावर तोलली जाते आणि मागे दोन पायांच्या मध्ये तुम्हाला उभं राहायला जागा मिळते. वारा असेल तर मधल्या हुकाला बॅग अडकवा, पण ती जमिनीला टेकलेली असू द्या. अधांतरी बॅग हेलकावे खाते आणि स्वतःच ट्रायपॉड हलवते.

दुकानात तपासायचं कसं, हे जरा बारकाईने सांगतो. कॅमेरा आणि तीच लांब लेन्स घेऊन जा. जळगावात जाड नळ्यांचे नमुने मांडलेले मिळाले तर उत्तम, नाहीतर भुसावळहून रात्रीची गाडी पकडून मुंबईच्या फोर्टातल्या कॅमेरा बाजारात एक फेरी मारणं सार्थकी लागतं. नंदुरबारकडच्यांना सुरत जवळ. पाय पूर्ण उघडा, दांडी खाली. आधी कॅमेरा न लावता वरच्या प्लेटवर दोन्ही तळवे ठेवून छातीचा भार द्या, एकही सांधा सरकता कामा नये. मग वरचा भाग दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे पिळून बघा. इथे स्वस्त ट्रायपॉड उघडे पडतात, कारण दाबाला जवळपास सगळेच टिकतात, पिळाला टिकत नाहीत. पाय जिथे वरच्या ओतीव भागाला बिजागरीने जोडलेले असतात तिथे बोट ठेवा, पीळ देताना काही खेळतंय का ते बोटाला कळतं. यानंतर लेन्स लावा, ६०० ला न्या, दुकानाबाहेरच्या एखाद्या पाटीवर लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करा. एका पायावर नखाने टिचकी मारा आणि स्क्रीनवरचं अक्षर शांत व्हायला किती वेळ लागतो ते बघा. चांगल्या ट्रायपॉडवर चित्र एकदा दचकतं आणि सेकंदाच्या आत थांबतं. कच्च्यावर ते डोलत राहतं, तुम्ही मनात तीन-चार मोजेपर्यंत. दोन ट्रायपॉड शेजारी ठेवून ही टिचकी मारलीत की पुढे कुणाच्या सल्ल्याची गरज राहत नाही. दुकानदार कॅमेरा लावू देत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा.

हेडकडे वळू. तुमच्या लेन्सला बॉल हेड चालतं का? चालतं, पण दोन अटींवर: बॉलचा व्यास ४४ मिमीच्या वर असावा, आणि घर्षण कमी-जास्त करायची वेगळी कळ असावी. तरीही पक्ष्यामागे फिरताना बॉल ढिला ठेवला की दोन-अडीच किलोची लेन्स क्षणात पुढे कोसळते. बोटं चिमटतात, आणि तोल जाऊन अख्खा ट्रायपॉड आडवा होऊ शकतो. शिवाय कमी प्रतीच्या बॉल हेडमध्ये लॉक केल्यावर चौकट किंचित खाली बसते. दुकानात एखाद्या बिंदूवर नेम धरून लॉक करा, हात सोडा. बिंदू सरकला तर ते हेड तिथेच ठेवा.

गिंबल याहून वेगळ्या तत्त्वावर चालतं. त्यात लेन्सचा गुरुत्वमध्य झुलत्या अक्षाच्या रेषेत आणतात. लेन्सची प्लेट पुढे-मागे सरकवून आडवा तोल साधायचा, पाळणा वर-खाली करून उभा तोल. तोल साधला की कुठलीही कळ न आवळता लेन्स जिथे सोडाल तिथे थांबते आणि एका बोटाने फिरते. रांगेत बसलेलं बदक अचानक उडालं तर तुम्ही त्याच्यासोबत फिरू शकता. एकदा असा तोल साधलात की पक्ष्यांसाठी परत बॉल हेडकडे जावंसं वाटणार नाही. विंबर्लीने हा प्रकार रूढ केला. आता त्याच घडणीची स्वस्त हेड्स पुष्कळ मिळतात. घेताना आडव्या फिरणाऱ्या तळाला धरून हलवा, तिथे खेळ नको. दोन्ही कळा हलक्या आवळल्यावर हालचाल हळूहळू जड व्हायला हवी, एकदम अडकायला नको. गिंबल लावताना तळ समतल हवा, नाहीतर पॅन करताना, म्हणजे आडवं फिरवताना, क्षितिज तिरपं होत जातं. त्यासाठी पायांच्या लांबीशी खेळा, हेडवरच्या पाण्याच्या बुडबुड्याकडे बघा.

एक कच्चा दुवा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो: लेन्सची स्वतःची कॉलर, म्हणजे लेन्सभोवतीचं कडं, आणि तिचा पाय. बऱ्याच झूम लेन्सचा पाय उंच आणि बारीक असतो, आणि सगळं घट्ट असूनही तिथेच लवचिकता राहते. म्हणून फोटो घेताना डावा तळवा लेन्सच्या वर, कॉलरच्या जवळ शांत ठेवा आणि भुवई व्ह्यूफाइंडरच्या रबराला टेकवा. तुमचं वजन त्या यंत्राला लागू द्या. हे १/२०० च्या वरच्या वेगांना. त्याखाली, पक्षी स्थिर असेल तर, हात पूर्ण काढून टायमर.

प्लेट-क्लॅम्प अर्का-स्विस पद्धतीचीच घ्या, सुमारे ३८ मिमी रुंदीची कड असते ती. एकेका कंपनीची स्वतःची प्लेट असलेली हेड्स टाळा, दुसरं हेड घेतलं की सगळ्या प्लेटा बदलाव्या लागतात. वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्लेटा अगदी किंचित कमी-जास्त रुंद असतात, म्हणून खटक्याच्या क्लॅम्पपेक्षा स्क्रूचा क्लॅम्प निर्धोक. पाय आणि हेड जोडणारा स्क्रू तीन-अष्टमांश इंचाचा असावा, कॅमेऱ्याखालचा पाव इंचाचा. हेड पायांपासून वेगळं निघतच नाही असा ट्रायपॉड हातातही घेऊ नका.

तोरणमाळसाठी याच पायांवर काम होतं. तिथे लेन्स रुंद कोनाची असते, त्यामुळे ताठपणाची मागणी कमी. पण उंचावरचा वारा असतो आणि उघडझाप वीसेक सेकंदांची. क्रॉप सेन्सरवर १८ मिमीची लेन्स २७ मिमीसारखी (१८ गुणिले दीड) धरायची, मग ५०० भागिले २७, म्हणजे अठरा सेकंदांच्या आसपास थांबलात तर तारे ठिपके राहतात, नंतर रेघा होतात. पाय कमरेएवढेच उघडा, खालचा भाग आतच असू द्या. यशवंत तलावाच्या काठी पहाटे दव पडतं, लॉक पुसूनच मिटवा. गिंबलवर रुंद लेन्स लावता येते, पण वर आकाशाकडे वळवणं वैतागाचं होतं. तेव्हा साधारण ३६ मिमीचं बॉल हेड पुरेसं.

मंदिरांसाठी वेगळं सांगण्यासारखं थोडंच आहे. चांगदेवचं मंदिर असो की पाटणादेवी, संरक्षित वास्तूत ट्रायपॉडला परवानगी लागू शकते, आधी विचारा. पुढे वास्तूंचे किंवा टेबलावर मांडलेल्या वस्तूंचे फोटो घ्यावेसे वाटले, तर बॉल हेडऐवजी तीन दांड्यांचं किंवा गिअरचं हेड बघा. तिथे एकेक अक्ष वेगळा हलवता येतो, आणि खांब सरळ करताना क्षितिज बिघडत नाही. चाळीसगावचे केकी मूस (१९१२-१९८९) टेबलटॉप छायाचित्रांसाठी ओळखले जातात. त्या वाटेने जाणाऱ्याला असं हेड सोबत असावं.

काठी गावच्या होळीला किंवा सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला ट्रायपॉड नेऊ नका. गर्दीत पाय लोकांच्या पायात येतात, कुणी पडलं तर ते फोटोपेक्षा महागात पडेल. तिथे मोनोपॉड, म्हणजे एकाच पायाचा आधार. गाडीतून फोटो घ्यायचे तर खिडकीवर ठेवायला कापडी पिशवीत ज्वारी भरा, इंजिन बंद करा. पिशवीवरची ६०० मिमी बऱ्याच ट्रायपॉडांना मागे टाकते. सागाच्या जंगलात बसलेल्या पक्ष्यासाठी मात्र ट्रायपॉडसारखं काही नाही. १८८४ नंतर थेट १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडलेला रानपिंगळा दिवसाही जागा असतो, उघड्या फांदीवर बराच वेळ बसतो. अशा वेळी १/१०० ला, कमी आयएसओवर, लांबूनच काम होतं आणि पक्ष्याला त्रास द्यावा लागत नाही. त्याच्या जवळ जायचा मोह आवरता येतो, हा ट्रायपॉडचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा उपयोग.

पैशांची वाटणी करताना निम्म्याहून जास्त पायांवर, साधारण तिसरा हिस्सा गिंबलवर, उरलेले प्लेट आणि लेन्सच्या लांब पायावर. नवं बसत नसेल तर जुनं घ्या. ट्रायपॉडमध्ये सॉफ्टवेअर नाही, जुनं होऊन कालबाह्य होईल असं काही नाही, आणि पंधरा वर्षांपूर्वीचा जाड ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड आजच्या नव्या बारीक ट्रायपॉडला सहज मागे टाकतो. जुना घेताना प्रत्येक नळी पूर्ण बाहेर काढून सपाट फरशीवर लोळवा, वाकलेली असेल तर ती गडगडताना उसळते. तिन्ही बिजागऱ्या सारख्याच घट्ट आहेत का ते पाय आडवा धरून सोडून बघा, आपल्या वजनाने तो धाडकन खाली येता कामा नये. लॉकमधल्या प्लास्टिकच्या चकत्या झिजल्या असतील तर घाबरू नका, त्या बदलून मिळतात. पण वरचा ओतीव भाग तडकलेला असेल तर कितीही स्वस्त मिळाला तरी तो घेऊ नका.